जबड्याखालची गाठ: खडाच आहे का?

लालबागकर:
आईचं वय ६२. डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आहे, दिवाळीच्या आधीपासून. लाळेच्या ग्रंथीत खडा असेल म्हणून लिंबू चोखायला सांगितलं, अँटिबायोटिक झालं. गाठ तशीच. सोनोग्राफीत खडा दिसला नाही. जेवताना दुखतं का विचारलं तर म्हणते, ‘दुखत नाही रे, पण जिभेच्या डाव्या कडेला ठेचा झोंबतच नाही.’ आता ग्रंथी काढून टाका म्हणतात. काढावी का?

ईएनटी_दादर:
इतक्यात नको. आईंचं ते ठेच्याचं वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. लाळेचे ८० टक्क्यांच्या आसपास खडे जबड्याखालच्याच ग्रंथीत होतात, म्हणून आधी खडाच आठवतो. पण खड्याचं दुखणं जेवणाशी बांधलेलं. लाळ सुटते, नळीत अडते, ग्रंथी तट्ट फुगते आणि मग हळूहळू उतरते. आईंची गाठ कमीजास्त होत नाही, वर जीभ बधिर. जिभेची संवेदना नेणारी नस या ग्रंथीला आणि नळीला लागूनच जाते. तिच्या आवरणातून श्वानोमा नावाची गाठ होऊ शकते. विरळच, आणि बहुतेक वेळा कॅन्सर नसते. पण ग्रंथीचे काही कॅन्सरही नसेत शिरून असंच बधिर करतात, त्यामुळे वाट पाहत बसू नका.

कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) घालून एमआरआय करा. बारीक खड्याची शंका उरली तर साधा सीटी स्कॅन. सुईची तपासणीही होईल, पण श्वानोमात ती अनेकदा ‘निदान अनिश्चित’ अशीच येते. तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नका. गाठ नसेची आहे हे आधी कळलं, तर बऱ्याचदा नस राखून ती सोलून काढता येते. खडा समजून सरळ चीर देऊन आत शिरलं, तर नस दुखावू शकते.

मीनल, ठाणे:
माझ्या मावशीची मानेतली गाठ श्वानोमाच निघाली. पक्कं कळलं ते ऑपरेशननंतरच्या बायोप्सीत, एस-१०० (नसेच्या आवरणातल्या पेशी ओळखायची चाचणी) पॉझिटिव्ह आल्यावर. तोवर घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आईंना एकटं सोडू नका.

लालबागकर:
ताई, डॉक्टर, आभार. परळला केईएमच्या ईएनटी ओपीडीत नेतो.

ईएनटी_दादर:
न्या. सोनोग्राफीच्या फिल्मही बरोबर ठेवा, नुसता रिपोर्ट नको. आणि ऑपरेशन ठरलंच, तर जिभेचा बधिरपणा केसपेपरवर आधीच लिहून घ्या, म्हणजे नंतर तुलना करता येईल.