स्व-जाणीव, आत्मभान आणि ‘समायोजन’: बोलताना कुठला शब्द वापरायचा?

डीएलएडला (शिक्षक होण्याच्या पदविकेला) दहा जीवन कौशल्यांची यादी सगळ्यांनीच पाठ केलेली असते, डब्ल्यूएचओची म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, 1990 च्या दशकातली. त्यात ‘स्व-जाणीव’ आहे आणि ‘भावनांचे समायोजन’, ‘ताणतणावांचे समायोजन’ पण आहे. मला एका वर्कशॉपमध्ये शिक्षकांसमोर बोलायचंय, विषय असा की स्वतःला ओळखणारा माणूस बदलाला कसा सामोरा जातो. अडचण ही की ‘स्व-जाणीव’ तोंडात बसत नाही, घरीदारी असं कोणी बोलत नाही. आत्मभान म्हणू का? आणि समायोजनाला काय म्हणू?

प्रतिसाद

आत्मभान चांगला शब्द आहे पण त्याला इतिहास आहे, तो विसरू नका. 1972 ला दलित पँथर निघाली, त्या पिढीच्या लेखनाबद्दल बोलताना हा शब्द हमखास येतो. आपण माणूस आहोत आणि आपल्यावर जे लादलंय तो अन्याय आहे, ही जाग म्हणजे तिथलं आत्मभान. स्त्रियांच्या चळवळीतही तसंच. ते आलं की माणूस जुळवून घेत नाही, नकार देतो. त्यामुळे ‘आत्मभान आलं आणि त्याने नवीन परिस्थितीशी जुळवून घेतलं’ हे वाक्य मला तरी उलटं वाटतं.

प्रतिसाद

आत्मज्ञान, आत्मबोध हेही टाळा, ते परमार्थातले शब्द. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत ‘जय जय स्वसंवेद्या’ आहे, स्वतःच स्वतःला जाणणारा, पण ते आत्मरूपाबद्दल आहे, रोजच्या रागलोभाबद्दल नाही.

प्रतिसाद

क्रियापदं बघा म्हणजे उत्तर सापडेल. जाणीव ‘होते’ नाहीतर कोणीतरी ‘करून देतं’. भान मात्र ‘ठेवावं’ लागतं, ते ‘सुटतं’, ‘हरपतं’, मग माणूस परत ‘भानावर येतो’. म्हणजे भान हे चालू काम आहे. आता बदलात नेमकं हेच लागतं ना, ‘माझा स्वभाव तापट आहे’ ही जाणीव माणसाला वर्षानुवर्षं असते आणि त्याने काही फरक पडत नाही, पण नवीन साहेबाने मीटिंगमध्ये काही विचारलं आणि आपला आवाज चढायला लागलाय, दात आवळले गेलेत हे त्याच वेळी ध्यानात आलं तर पुढचं वाक्य आपण निवडून बोलू शकतो. माझं मत सरळ ‘स्वतःचं भान’, पुढे ‘आत्म’ किंवा ‘स्व’ चिकटवायची गरजच नाही.

अजून एक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत मांडली, त्यात घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी समजुती पकडायला शिकवतात. मराठीत ते पकडायला फार सोयीचं अक्षर आहे, ‘च’. ‘मला तीच शाळा मिळायला हवी होती’, ‘त्यांनी मला विचारायलाच पाहिजे होतं’. आपल्या बोलण्यातला हा च ऐकू यायला लागणं म्हणजे भान. वर्कशॉपमध्ये लोकांना आपापली च वाली वाक्यं लिहायला सांगा, मी करून घेतलंय, लोक खरंच थबकतात.

प्रतिसाद

समायोजन हा शब्द शिक्षकांसमोर काढूच नका, कळकळीने सांगतेय. शिक्षकाच्या घरात समायोजन म्हणजे काय, तर संचमान्यता (पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणारा आदेश) आली, पट कमी भरला (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी 35), पद गेलं, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरला आणि त्याला दुसऱ्या शाळेवर पाठवलं. समायोजन ‘झालं’ म्हणतात, ‘मी केलं’ असं शिक्षक स्वतःबद्दल कधीच म्हणत नाही. समुपदेशनाचंही तेच झालंय, सेवाज्येष्ठतेने एकेकाला आत बोलवायचं, रिक्त जागांची यादी समोर, निवडा आणि सही करा, याला समुपदेशन म्हणतात.

माझी आई अशीच अतिरिक्त ठरली. सातवीला गणित शिकवायची, समायोजन झालं ते पहिलीच्या वर्गावर. बरेच महिने घरी एकच विषय, लांब पडतं, बस वेळेवर नाही, गाव तसलं. मग एके दिवशी वर्गातल्या एका पोरीने तिचा आवाज ऐकून दोन्ही कानांवर हात ठेवले. सातवीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज होता तो, आणि समोर सहा वर्षांची पोरं. घरी येऊन आई स्वतःहून बोलली की अंतराचं काही नाही गं, तिकडे मला गणिताच्या बाई म्हणून ओळखायचे, इथे मी कोणीच नाही. एवढं बोलल्याने लगेच सगळं बदललं असं नाही, पण बसवरची चिडचिड कमी झाली, आवाज खाली आला आणि चिंचोके घेऊन ती पहिलीला दशक-एकक शिकवायला लागली. खरा सल कुठे आहे ते कळेपर्यंत ती एसटीवरच राग काढत होती, याला तुमच्या यादीतला कुठला शब्द लावायचा ते लावा.

प्रतिसाद

वरच्या आईंना नमस्कार. समायोजनाऐवजी नुसतं ‘जुळवून घेणं’ पण पुरत नाही हां. सासरी निघालेल्या मुलीला ‘जुळवून घे’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ गप्प बस असाच असतो. त्याला तडजोड म्हणा. तडजोडीला भान लागत नाही, सोसायची तयारी लागते. भान असलं की काय सोडायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही हे ठरवता येतं, त्या आईंनी आवाज सोडला पण गणित सोडलं नाही. ‘रुळणं’ आणि ‘अंगवळणी पडणं’ हे तर आपोआप होतं, दिवस गेले की. मला ‘नव्याने बस्तान बसवणं’ जवळचं वाटतं, त्यात माणूस स्वतः काहीतरी करतोय.

प्रतिसाद

मनापासून आभार सगळ्यांचे. शीर्षक ‘बदलताना स्वतःचं भान’ असं ठेवतेय, समायोजन स्लाइडवरून काढलं, फक्त यादी दाखवताना येईल तेवढंच. ‘च’ ची वाक्यं नक्की घेणार, आणि त्या आईंची गोष्ट नाव-गाव न सांगता वापरली तर चालेल का, हे तेवढं कळवा.