कोपल जमवणारे म्हणजे धूप जमवणारे?

माळढोक (मूळ धागा)
काल इथे एकाने लिहिलं: "ज्यांना अंबर परवडत नाही ते कोपल जमवतात. दहा वर्षांनी त्यांच्याकडे धुपाचा ढीग उरेल." (नव्यांसाठी: अंबर म्हणजे झाडाची लाखो वर्षं जुनी, कडक झालेली राळ, तृणमणी. कोपल म्हणजे तशीच पण कोवळी, अजून पक्की न झालेली राळ.) रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे मादागास्करच्या कोपलचे ३१ तुकडे आहेत. एकात डंख नसलेल्या नऊ मधमाश्या आहेत. दोघींच्या मागच्या पायांवर राळेचे गोळे अजून तसेच आहेत. घरटं बांधायला राळ न्यायला आल्या आणि तिथेच रुतल्या. हे कोपल काही दशकांपासून काही शे वर्षांपर्यंतचं, मान्य. आतले किडे बहुतेक आजच्याच जातींचे, तेही मान्य. पण ही राळ ज्या रानात गळली त्यातलं कितीतरी आता तोडलं गेलंय. तिथे तेव्हा कोण उडत होतं, कोण सालीवर फिरत होतं, याची नोंद आणखी कुठे शोधणार?

दुसरं म्हणजे, मादागास्करचं कोपल हायमेनिया झाडाचं. डॉमिनिकन अंबरही हायमेनियाच्याच एका नामशेष जातीचं, दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचं. ताज्या राळेत कोण अडकतं आणि कोण सुटून जातं हे कळल्याशिवाय त्या अंबरातलं जंगल वाचणार कसं?

पक्का_अंबर
ते वाक्य माझंच. मागे घेणार नाही.

'काही शे वर्षांचं' हे तुम्ही सांगता. विकणारा सांगतो का? मला कोलंबियाचा तुकडा 'दोन कोटी वर्षांचं अंबर' म्हणून विकला गेला. चार हजार मोजले, आत मुंगी. जोडभावी पेठेत आमची वरची खोली पत्र्याची, मे महिन्यात ४४ अंश. दोन उन्हाळ्यांत वरून अशी भेगांची जाळी पडली की मुंगी दिसेना. ॲसिटोनचा थेंब टाकला, बोट चिकटलं, म्हणजे अंबर नव्हे, कोपल. कोलंबियाच्या कोपलचं कार्बन-१४ वर वय काढलंय, शतकांत भरतं. ज्या मालाचा धंदाच खोट्या वयावर चालतो, त्याची बाजू तुम्ही घेताय.

माळढोक
खोटं विकणाऱ्याने बोललं, त्यात राळेचा काय दोष? आणि तुमच्या अंबरात खोटं नसतं? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरातली एक माशी होती. विली हेनिगसारख्या नामांकित कीटकतज्ज्ञाने १९६६ मध्ये ती खरी धरून अभ्यासली. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस या जीवाश्म-अभ्यासकाच्या लक्षात आलं की तुकडा मधोमध कापून, खोबण कोरून, आजची माशी आत बसवली आहे. म्हणून बाल्टिक अंबर जमवणं सोडलं का कुणी?

खंदक_बाग
अंबर म्हणजे ती व्हेलची उलटी ना? त्यावर पोलिस केस होते. जपून बोला.

माळढोक
ते अंबर वेगळं, देवमाशाच्या पोटातलं. वन्यजीव कायदा त्याला लागतो. आपण तृणमण्याबद्दल बोलायलोय, झाडाच्या राळेबद्दल.

कहरुबा
ॲसिटोनचं नाव निघालंच आहे तर माझंही ऐका. आमच्याकडे दादांची तस्बीह (जपमाळ) होती, ३३ मणी, पिवळी, कहरुब्याची म्हणजे अंबराची म्हणून घरात जपलेली. असाच एक संग्राहक घरी आला, "बघतो" म्हणाला, आणि मी चहा आणायला आत गेलो तेवढ्यात एका मण्याला तापलेली सुई लावली. कार्बोलिक साबणासारखा वास सुटला. म्हणे बेकेलाईट आहे, जुनं प्लास्टिक, टाकून द्या. त्या मण्यावर काळा डाग पडला. अम्मीने त्या दिवसापासून ती हातात घेतलेली नाही.

पक्का_अंबर
वाईट झालं. पण खरं काय ते कळलं ना?

कहरुबा
कुणी विचारलं होतं? आम्ही विकायला काढली नव्हती. आणि सुईची गरजच काय होती? पेल्यात विरघळेल तेवढं मीठ टाकायचं, मणी सोडायचा. अंबर तरंगतं, बेकेलाईट बुडतं. डाग नाही, वास नाही.

पक्का_अंबर
मिठाच्या पाण्यात कोपलही तरंगतं. तुमची चाचणी तिथे संपते. म्हणून थेंब टाकावाच लागतो.

कहरुबा
तुम्हाला वस्तू दिसते, ती ज्याच्या हातातली आहे तो माणूस दिसत नाही. दादा गिरणीच्या पाळीवरून येऊन तिच्यावर पढायचे. चार हजारांची मुंगी गेली म्हणून तुम्ही अजून रागावलेले आहात, आमचं काय गेलं ते तुम्हाला 'खरं कळलं' वाटतं!

पक्का_अंबर
माझ्या मुंगीवर येऊ नका. मी कुणाच्या घरी जाऊन सुई लावलेली नाही.

नान्नज_रस्ता
दोघंही जरा थांबा. थेंबाचा नियमही तितका पक्का नाही. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतलं अंबर पाच कोटी वर्षांहून जुनं, सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचं. २०१० मध्ये त्यावर मोठा शोधनिबंध आला. ते द्रावकात विरघळतं, इतकं की आतला किडा अख्खा बाहेर काढता येतो. म्हणजे द्रावकात मऊ पडलं की कोपलच, असं म्हणता येत नाही. आपल्या शेजारच्या राज्यातली गोष्ट आहे आणि आपण कोलंबियावर भांडायलोय.

आणि पक्का_अंबर, तुमच्याकडे म्यानमारच्या कचिन भागातलं बर्मी अंबर आहे, तुम्हीच फोटो टाकले होते. सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांचं, मान्य. पण २०१७ मध्ये त्या खाणपट्ट्यावर लष्कराने ताबा घेतला. २०२० मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मतज्ज्ञांच्या संस्थेने शोधपत्रिकांना पत्र लिहून त्या मालावरचं संशोधन छापणं थांबवा म्हटलं. कोपल घेणाऱ्याला हलकं म्हणताना हेही तराजूत टाका.

पक्का_अंबर
माझे तुकडे २०१४ चे आहेत, पावती आहे. त्यानंतर एकही घेतलेला नाही. विचारायचं होतं, मग लिहायचं होतं.

वस्तानचं मला माहीत नव्हतं. 'थेंब म्हणजे निकाल' हे माझं म्हणणं चुकीचं होतं. धुपाच्या ढिगाबद्दलचं मत तेच आहे. विक्रेते वय खरं लिहायला लागले की बोलू.

माळढोक
माझ्या प्रत्येक तुकड्याच्या चिठ्ठीवर 'कोपल' लिहिलंय, मोठ्या अक्षरात. तुमची मुंगी मात्र टाकू नका. भेगा वरच्या थरात असतात. पाण्यात बुडवलेला बारीक वाळूकागद हलक्या हाताने फिरवा, थर गेला की मुंगी दिसेल. नंतर खालच्या मजल्यावर, उन्हापासून लांब ठेवा.

कहरुबा
बेकेलाईटवरचा डाग असाच जातो का?

माळढोक
वरवरचा असेल तर जाईल, मणी किंचित बारीक होईल. खोल असेल तर खड्डा राहील. आधी कापडाने घासून बघा, कागद नंतर.

कहरुबा
अम्मीला विचारतो. ती हो म्हणाली तरच हात लावीन.