पहिली मेलोडिका: ३२ पट्ट्या की ३७?

प्रश्न (इंदूर): मुलगी ९ वर्षांची, पेटी शिकतेय. मेलोडिका (तोंडाने फुंकून वाजवायचं पट्ट्यांचं छोटं वाद्य) किती पट्ट्यांची घेऊ? नळीने वाजवू दे की तोंडाला लावून?

उत्तर १: ३२. अडीच सप्तकांहून थोडी जास्त मिळतात, ३७ची लहान हातांना जड पडते. दुकानात एकेक पट्टी अगदी हळू फुंकून तपासा. उशिरा बोलणारी पट्टी असेल तर ते वाद्य परत द्या. सुरुवातीला टेबलावर ठेवून नळीनेच. दोन्ही हात दिसतात.

उत्तर २: पेटीवाली मुलं जोरात फुंकतात. जोर वाढला की स्वर उतरतो, खालच्या पट्ट्यांवर जास्तच! पांढरी एक सा धरा, पट्टी दाबूनच ठेवा आणि जिभेने ‘तू-तू-तू’ करत तोच सा चार वेळा तोडा. हे जमेपर्यंत अलंकार (स्वरांचे सरावाचे पलटे) नकोत. मग सारेगम: अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि म ला अंगठा खालून. भाता आता तिचा श्वास आहे, तेव्हा ओळ कुठे तोडायची ते आधी ठरवा.

उत्तर ३: श्वासाची वाफ आत साचून रीड (हवेने थरथरून स्वर देणारी आतली धातूची जीभ) अडते. वाजवून झालं की पाणी काढायचं बटण दाबून फुंका, खाली फडकं धरा. पोहे-शेव खाल्ल्यावर चूळ भरल्याशिवाय नाहीच. कण रीडमध्ये अडकला की स्वर मुका. धुवायची फक्त नळी, कोमट पाण्याने.