फ्रिजवाल्यांनी गाडी काढावी म्हणे!

पत्रा_आणि_फोम
परवाच्या पोस्टमधलं एक वाक्य डोक्यात गेलंय: ‘मोटर, बॅटरी, कंट्रोलर ज्याला जमलं त्याला इलेक्ट्रिक गाडी जमलीच. श्याओमीने करून दाखवलं, आपले फ्रिज-मिक्सरवाले झोपलेत का?’

मिक्सरच्या बुडाशी काय छापलंय ते वाचा आधी. 30 मिनिटे रेटिंग, म्हणजे 5 मिनिटं फिरवा, 2 मिनिटं थांबा, असे फेरे. 750 वॉट, वर झिजणारे कार्बन ब्रश. गाडीची मोटर 100 किलोवॉटची, पाण्यावर थंड होणारी, आणि घाटात ‘दोन मिनिटं थांबा’ म्हणायची सोय नाही. दोन्ही मोटरच, तसं पाटा आणि जातं दोन्ही दगडच.

पत्र्याचं बघा. फ्रिजचा पत्रा रंगवूनच येतो. वाकवला, आतलं प्लास्टिक व्हॅक्यूमवर ओढलं, मधे पीयू फोम भरला, झालं. गाडीला ईडीची (विजेने गंजरोधक रंग चढवायच्या टाकीतली) बुडी, प्रायमर, बेस, क्लिअर. बी-पिलरचा, म्हणजे दोन दारांमधल्या खांबाचा, पत्रा 900 अंशांपर्यंत तापवून डायमध्येच थंड करायचा. फ्रिजला कुणी धडक देत नाही.

व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसनने 2017 ला इलेक्ट्रिक गाडीचा गाजावाजा केला, ऑक्टोबर 2019 मध्ये गाशा गुंडाळला. सात सीट, पुढे-मागे 200 किलोवॉटची एकेक मोटर, एका चार्जमध्ये 960 किमीचा दावा. सगळं असून एक गाडी दीड लाख पौंडांना विकली तरच हिशेब जुळत होता. मालकाच्या खिशातले 50 कोटी पौंड गेले.

बीएलडीसी_भक्त
डायसनचंच रडगाणं किती दिवस? बीवायडी 1995 ला बॅटऱ्याच बनवत होती. 2003 मध्ये एक आजारी गाडी कंपनी विकत घेतली आणि आज कुठे आहे बघा. श्याओमीने 2024 मध्ये एसयू7 मार्चअखेर बाजारात आणली आणि वर्षात 1 लाख 36 हजारांवर गाड्या दिल्या. आपल्या रांजणगावात एकाच एमआयडीसीत फ्रिजही निघतात आणि नेक्सॉनही. माणसं तीच, व्हेंडर तेच.

पत्रा_आणि_फोम
शेजार असला म्हणून सोयरीक होत नाही. आणि श्याओमीचं अर्धंच सांगितलंत. त्या वर्षी नव्या धंद्यात 6.2 अब्ज युआन तोटा. भागा गाड्यांनी: गाडीमागे 45 हजार युआन, म्हणजे पाच लाखांच्या वर. फोनच्या जिवावर चाललेली चैन ती. मिक्सरच्या जिवावर चालेल?

बीएलडीसी_भक्त
2025 च्या तिसऱ्या तिमाहीत तोच धंदा 70 कोटी युआन नफ्यात आला, ते सोयीस्कर विसरलात.

पत्रा_आणि_फोम
आला. आधी दहा वर्षांत 10 अब्ज डॉलर ओतायची तयारी ठेवली, म्हणून आला. तेवढे असतील तर काढा गाडी, मी नारळ फोडायला येतो.

कॉम्प्रेसर_काका
दोघेही पूर्ण गाडीवरच अडलात. एलजीने 2021 मध्ये गाड्यांचे भाग बनवणाऱ्या मॅग्नाबरोबर कंपनी काढली, पण मोटर-इन्व्हर्टरसाठी, गाडी नाही. शहाणपण त्यात आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर नसतो, 400 व्होल्टवर चालणारा स्क्रोल असतो, म्हणजे घरच्या इन्व्हर्टर एसीचा सख्खा चुलतभाऊ. मोटरची वायंडिंग गॅस-तेलातच बुडालेली, म्हणून वीज न वाहणारं पीओई जातीचं तेल लागतं. गॅरेजवाला सवयीने जुन्या गाडीचं पीएजी टाकतो, ते वीज वाहतं, इन्सुलेशन रेझिस्टन्स कोसळतो आणि गाडी ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवून जागची हलत नाही. 2021 ची 6,238 कोटींची पीएलआय (उत्पादनावर सरकारी प्रोत्साहन देणारी योजना) एसीच्या सुट्या भागांना आणि एलईडीला होती. कॉम्प्रेसर इथेच बनला तर हा बाजार समोर आहे.

अडीच_मायक्रोफॅरड
गाडी राहू द्या, आधी दुरुस्त होणारा पंखा द्या! जुना पंखा मंदावला की अडीचचा कपॅसिटर बदलायचा, विषय संपला. या बीएलडीसीत, म्हणजे बिनब्रशच्या, बोर्डवर चालणाऱ्या मोटरच्या पंख्यात, न्यूट्रल सुटला की खेळ खलास.

बीएलडीसी_भक्त
न्यूट्रल सुटला तर तुमचा टीव्हीही जातो, त्याला शिव्या देत नाही तुम्ही. बीएलडीसीच्या 28 वॉटला जुन्या पंख्याच्या 75 शी तोला: दिवसाला 15 तास धरले तरी महिन्याला 21 युनिट वाचतात, एका पंख्यामागे.

अडीच_मायक्रोफॅरड
आणि एक बोर्ड गेला की ते सगळे युनिट परत. न्यूट्रल सुटल्यावर घरात 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. सरळ केले की 565 डीसी, आणि बोर्डवरचा कपॅसिटर 450 चा! एमओव्ही (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा पार्ट) शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो, ते त्याचं कामच. म्हणजे दोन किरकोळ पार्ट. पण कंपनीचा माणूस अख्खा बोर्ड बदलणार. सर्किटचा नकाशा मागा, मिळत नाही.

कॉम्प्रेसर_काका
आणि गल्लीतला मिस्त्री एमओव्ही उपटून फ्यूजच्या जागी तार टाकतो, तेही सांगा. मग पुढच्या झटक्याला मोटर चालवणाऱ्या चिपसकट (ड्रायव्हर आयसी) राख.

अडीच_मायक्रोफॅरड
मान्य. पण नकाशा दिला असता तर तार टाकली नसती. हीच मंडळी उद्या गाडी काढतील, सेल गोंदाने चिकटवतील आणि एक सेल गेला तर अख्खा पॅक बदला म्हणतील.

पत्रा_आणि_फोम
पंख्यावरून का होईना, माझ्याच मुद्द्यावर आलात.

बीएलडीसी_भक्त
बरं बाबांनो, नकाशा द्यायला हवा, यात वाद नाही. 21 युनिटांचं मात्र कुणी बोलत नाही.

अडीच_मायक्रोफॅरड
ते दिले तुम्हाला, ठेवा. आता कामाचं: बोर्ड काळ्या लेपात बुडवलेला आहे, तो उकरायचा कसा?

कॉम्प्रेसर_काका
नख दाबून बघा. रबरासारखं दबलं तर सिलिकॉन, ब्लेडने सोलून निघेल. दगडासारखं लागलं तर इपॉक्सी, मग बोर्डाची आशा सोडा.

अडीच_मायक्रोफॅरड
दगड.