मदत हवी आहे: ३५ इंची टायर टाकायचेत, पुढचा अ‍ॅक्सल आधी मजबूत करायचा का?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

गाडी जीप रँग्लर जेके, साधी, रुबिकॉन (जास्त ऑफ-रोडवाली आवृत्ती) नाही, म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल डाना ३०. आधीच्या मालकाने ३२ चे टायर आणि अडीच इंच लिफ्ट (गाडी उंच) करून ठेवलीये. आता टायर संपत आलेत तर ३१५/७० आर १७ घ्यायचं डोक्यात आहे, सगळे त्याला ३५ म्हणतात पण कागदावर हिशोब केला तर साडेचौतीसच भरतात. असो. वापर म्हणाल तर बहुतेक लो रेंजमध्ये (हळू पण जास्त ताकदीच्या गियरमध्ये) दगडधोंड्यांतून सावकाश, पण मोकळं मैदान दिसलं की पाय जड होतो हे कबूल करतो. मागच्या महिन्यात एक चर दिसलाच नाही, पुढची दोन्ही चाकं हवेत आणि मग असा काही धप्प आवाज आला की शेजारी बसलेल्याने हातातली बाटली सोडली. चूक पूर्ण माझीच. गाडी नंतर व्यवस्थित चालली, फक्त डावा टायर आतल्या कडेने जरा जास्त घासतोय असं वाटतं, पण तो तसाही जुना झालाय.

तर प्रश्न असा की एकजण म्हणतो सी गसेट (अ‍ॅक्सलच्या टोकाला चाक धरणारा जो सी आकाराचा तुकडा असतो त्याला वेल्ड केलेली जोडपट्टी) पुरे, दुसरा म्हणतो स्लीव्ह (अ‍ॅक्सलच्या नळीच्या आत बसणारी दुसरी नळी) घाल, तिसरा म्हणतो ट्रस (नळीवर वरून वेल्ड करायची मजबुतीची चौकट) मारल्याशिवाय ३५ लावूच नकोस, आणि चौथा म्हणतो हे सगळं सोड आणि रुबिकॉनचा डाना ४४ बसव. नक्की काय आणि कुठल्या क्रमाने करू? वेल्डिंग मी स्वतः करणार नाही, करून घेणार आहे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

चौथ्याचं आधी निकालात काढू. जेकेमध्ये रुबिकॉनच्या ४४ ला क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली गियरची जोडी) मोठा आहे, आतले शाफ्ट ३० स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) आहेत (तुमच्या ३० ला २७), पण बाहेरची नळी दोन्हींना तीच, अडीच इंच व्यास आणि पाव इंच जाडी. टोकाचे सी पण तेच. म्हणजे गियर फुटायची भीती असेल तर ४४ घ्या, नळी वाकायची असेल तर ४४ घेऊन पण हीच वेल्डिंग करावी लागणार.

टायर मोठा झाला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वजन वाढतं आणि ते सगळं स्प्रिंगच्या खालचं वजन, प्रत्येक खड्ड्यात ते हातोड्यासारखं नकलवर (चाक धरणाऱ्या वळत्या भागावर) आदळतं. दुसरं म्हणजे तरफ लांबते, जमिनीपासून हबपर्यंतचं अंतर १६ इंचाचं साडेसतरा होतं, टायर कडेने दगडाला टेकला की तेवढ्या लांब दांड्याने तुम्ही सी वाकवताय असं समजा. त्यात लोक रिम बाहेर काढतात, बॅकस्पेसिंग (रिमची आतली कड ते हबला टेकणारी बाजू हे अंतर) कमी घेतात, दिसायला भारी पण बॉल जॉइंट (नकलचे सांधे) आणि हब बेअरिंगचा जीव जातो. गरजेपेक्षा जास्त बाहेर काढू नका.

माझा क्रम: सी गसेट कोणालाही, डोळे झाकून. त्यानंतर सावकाश चालवणाऱ्याला स्लीव्ह पुरते. उड्या मारणाऱ्याला ट्रस.

प्रतिसाद २

थांबा हो, गसेटवर उडी मारण्याआधी धागाकर्त्याने काय लिहिलंय ते परत वाचा. उडी, धप्प, आणि डावा टायर आतून घासतोय. मला वाटतं नळी आधीच वाकली आहे! वाकलेल्या नळीवर मजबुती केली तर ती वाकलेलीच मजबूत होणार, नंतर सरळ करायला गेलात तर दुप्पट काम.

घरच्या घरी बघता येतं. सपाट जागी गाडी सरळ उभी करा, टायरची हवा दोन्हीकडे सारखी, आणि चाकाशेजारी ओळंबा सोडा, गवंडी वापरतात तोच. दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेचं अंतर आणि खालच्या कडेचं अंतर मोजा. वरची कड दोऱ्यापासून लांब म्हणजे चाक वरून आत झुकलंय. १७ च्या रिमवर ६ मिमीचा फरक म्हणजे साधारण पाऊण अंश. मग गाडी उलट तोंड करून त्याच जागी परत मोजा म्हणजे फरशीचा उतार वजा होतो. सॉलिड (अखंड) अ‍ॅक्सलला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) अ‍ॅडजस्ट करायची सोयच नसते, त्यामुळे एका बाजूला जास्त आलं तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय.

झिजलंय का ते आधी बघा. चाक उचलून बाराला आणि सहाला धरून हलवा. खडखड आली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर थांबली तर हब बेअरिंग, तरी राहिली तर बॉल जॉइंट.

धागाकर्ता

केलं. दोन्ही तोंडांनी मोजून सरासरी काढली, उजवीकडे दीड मिमी, डावीकडे साडेसात. बॉल जॉइंट घट्ट आहेत दोन्हीकडे. दोरा हातात धरून पाच मिनिटं नुसता बघत बसलो, डोळ्यांना गाडी सरळच दिसते हो! आता काय, पूर्ण हाऊसिंग (अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच) बदलू की सरळ होतं?

प्रतिसाद ३

सरळ होतं, हे काम केलेलं आहे म्हणून लिहितो. अंदाजे एका अंशापर्यंत असेल तर नळीच्या खालच्या अंगाला उष्णता देऊन थंड होऊ देतात, थंड होताना लोखंड आकसतं आणि वर गेलेलं टोक खाली खेचलं जातं. थोडं थोडं, दर वेळी मोजून. फक्त घाईचा माणूस नको, आणि सी स्वतःच वाकला नाहीये ना ते आधी तपासून घ्या, डाव्या बाजूला नळी आणि सी दोन्हीवर पट्टी लावून बघा.

हाच न्याय ट्रसला उलटा लागतो. ट्रस वरून बसतो, त्याची लांबच लांब रनिंग (सलग वेल्ड) एकदम मारली की वरचं अंग आकसून दोन्ही टोकं वर येतात, म्हणजे तुम्हाला आत्ता जो त्रास आहे तोच हाताने बनवायचा. आधी टाके, मग इंच-दीड इंच मारायचं, दुसऱ्या टोकाला जायचं, मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. अ‍ॅक्सलचा मधला गोळा (गियरचं घर) ओतीव आहे, तिथे कसंही मारलं तर तडा जातो, आधी गरम करणारा आणि योग्य रॉड वापरणारा माणूस बघा.

स्लीव्हबद्दल: नळीचा आतला व्यास २ इंच, स्लीव्ह त्यात अगदी कसून बसते, वाकलेल्या नळीत ती मधेच अडकते आणि मग ना पुढे ना मागे. म्हणून आधी सरळ, मगच स्लीव्ह. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की थोडी आकसते आणि सोपं जातं (घरच्यांना आधी सांगून ठेवा). नळीला भोकं पाडून त्यातून वेल्ड भरतात. ब्रीदरचं (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचं) तोंड स्लीव्हखाली बंद होत नाहीये ना बघा, नाहीतर दाब साठून सील तेल सोडतील.

आणि सी गसेट मारताना बॉल जॉइंट काढून ठेवायला सांगा, उष्णतेने ग्रीस आणि रबर दोन्ही जातं. बॅटरी सोडवा, अर्थिंगची पकड वेल्डच्या शेजारीच लावा, करंट बेअरिंगमधून जाता कामा नये.

धागाकर्ता

खूप आभार, हे माहीतच नसतं तर टायर आधी घेऊन बसलो असतो. ठरवलंय, टायर लांबणीवर. आधी सरळ करून घेणार, मग स्लीव्ह आणि गसेट, बॉल जॉइंट निघतीलच तर नवेच घालतो. ट्रस नाही, त्यापेक्षा उड्या बंद करतो (बघू किती दिवस).

एक राहिलंच, अ‍ॅक्सलचे गियर सध्या ३.७३ आहेत (चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या ३.७३ फेऱ्या). ३२ वर जसं चालतं तसंच ३५ वर हवं तर हिशोबाने ४.०८ येतं, पण टायर जड आहेत म्हणून ४.५६ घ्यावं असं वाटतंय. पुढे-मागे दोन्ही एकदम बदलावे लागणार हे माहितीये. डाना ३० मध्ये ४.५६ वर कोणी गाडी चालवतंय का, पिनियनचा काय अनुभव?