तालमीतल्या पोरांना गजकर्ण होतो, मग प्रतिकारशक्ती कमी कुणाची?

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

मृग लागला की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरल्यासारखा फिरतो. “गजकर्ण, नायटा ही प्रतिकारशक्ती कमी झाल्याची खूण. इम्युनिटी वाढवा, बुरशी आपोआप जाईल.” खाली काढ्याची कृती, आणि त्याच्याही खाली कुठल्याशा पावडरीचा डबा मागवायचा नंबर. यंदाही आला. मी वाद घातला, ॲडमिननं गप्प बसवलं, म्हणून इथं लिहितोय.

माझ्या मते हा मेसेज नुसता चुकीचा नाही, लोकांचं नुकसान करणारा आहे. कोल्हापुरात तरी हे पटायला अवघड जाऊ नये. पेठेतल्या कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघा. दूध, तूप, बदाम, जोर-बैठका. एवढी कमावलेली अंगं दुसरीकडे कुठं बघायला मिळणार? आणि मानेवर, दंडावर, जांघेत गजकर्णाचे चट्टे तिथंही दिसतात. जगभरच्या कुस्तीगिरांत हे इतकं आढळतं की वैद्यकात त्याला टिनिया ग्लॅडिएटोरम असं वेगळं नाव आहे.

ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात राहते आणि तिथलं केराटिन हे प्रथिन खाते. फार खोल जात नाही, कारण आत ऊब तिच्या सोयीपेक्षा जास्त आणि रक्तातलं ट्रान्सफेरिन लोह घट्ट धरून बसलेलं. खालच्या जिवंत पेशींना तिचा सुगावा लागतो तो तिच्या भिंतीतल्या बीटा-ग्लुकन नावाच्या साखरेवरून. ही साखर आपलं शरीर बनवतच नाही. ती ओळखणारं डेक्टिन-1 हे प्रथिन 2001 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं. तिथून निरोप कार्ड-9 या प्रथिनामार्फत पुढं जातो, टीएच-17 जातीच्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) जाग्या होतात, इंटरल्युकिन-17 आणि 22 ही निरोप देणारी प्रथिनं सुटतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावतात आणि कातडी भराभर वाढून वरचा थर बुरशीसकट झडायला लागतो. खाज, लाली, कोंडा यातलं बरंचसं बुरशीचं काम नव्हे, आपल्या अंगाचं आहे. चट्ट्याची कड लाल आणि मध्यभाग निवळलेला दिसतो तोही यामुळंच: मधे सफाई झालेली असते आणि बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत असते.

2013 साली उत्तर आफ्रिकेतल्या काही कुटुंबांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यांच्यात फक्त कार्ड-9 च्या जनुकात दोष होता. एवढ्या एका दोषानं साधी गजकर्णाची बुरशी त्यांच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचली, काही जण दगावले. आता सांगा, काढ्यानं यातलं नेमकं काय वाढतं?

लाल माती

भावा, कुस्तीच्या मातीच्या हौद्यात कधी उतरलायस काय? का गॅलरीतनं बघून लिहालायस?

आमच्या वस्तादांच्या काळात हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर सगळं पडायचं, माती वरचेवर उकरायची. तवा एवढं गजकर्ण नव्हतं. मॅट आली आणि हे सुरू झालं. आणि एक बघ, वजन उतरवायला जो पोरगा उपाशी राहतोय, दोन-दोन टीशर्ट घालून पळतोय, त्यालाच पहिल्यांदा उठतंय. ज्याचा खुराक चांगला, त्याला कमी. ह्याला प्रतिकारशक्ती नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पुस्तकातली नावं पाठ केली म्हणून डोळ्यानं दिसतंय ते खोटं होत नाही.

उद्यमनगरकर

दोन टीशर्ट घालून पळणाऱ्याच्या अंगावर घाम किती वेळ मुरतो तेही मोजा की. ओला लंगोट, एकच टॉवेल, कातडीला कातडी घासणं, मॅटचा ओरखडा, एवढं बुरशीला पुरतं. उपासमारीनं अंग खचतं हे मान्य. पण खुराकवाल्यांनाही होतंयच ना? हळद प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी रोखते हे खरं, पण हौद्यातल्या चिमूटभर हळदीतनं चट्ट्यापर्यंत किती पोचणार?

लाल माती

चिमूट? पोत्यानं टाकतात. ये एकदा बघायला.

काउंटरमागचा

माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. लोक येतात आणि सांगतात, “ती खाजेची ट्यूब द्या, मागच्या वेळची, लगेच थांबली होती.” फौंड्रीत भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा माणूस दिवसाची हजेरी बुडवून, डॉक्टरची फी भरून, मग औषध घ्यायला येणार नाही. तो काढाही पिणार नाही आणि तुमचं डेक्टिन-फिक्टिनही वाचणार नाही. त्याला रात्री झोप पाहिजे. मी नाही दिली तर पुढच्या चौकात मिळते. बरं, चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांच्या चिठ्ठीवरही कित्येकदा तीच ट्यूब असते. सगळं बिल आमच्या नावावर फाडू नका.

त्वचेची विद्यार्थिनी

मी त्वचारोगात एमडी करतेय. या धाग्यात खरा मुद्दा काउंटरमागच्यांनी आणला आणि तो काढ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

“लगेच थांबली” कारण त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखं जोरकस स्टेरॉइड असतं. वर लिहिलेली सगळी साखळी स्टेरॉइड दाबून टाकतं. लाली गेली, खाज गेली, माणूस खूश. घरात चोर शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला गुंगी दिली की घर शांत होतं, तसं. मग पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा कड धूसर झालेली असते, गोलात गोल, त्यात आणखी गोल उठलेले असतात, जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे उमटलेले असतात. घरातल्या चौघांना लागण झालेली असते ते वेगळंच.

2018 साली केंद्रानं स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून. कागदावर. त्याच सुमारास देशभर टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला दाद न देणारं गजकर्ण वाढत होतं. ही बुरशी वेगळीच प्रजाती आहे असं 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून मांडलं. नाव दिलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. देशाचं नाव असं जगभर जाण्यात काय भूषण आहे!

आडवा प्रश्न

डॉक्टरबाई, धन्यवाद. तुम्ही धागाकर्त्याचाच मुद्दा खोडलात. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी माजते, बरोबर? म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली की बुरशी वाढते. म्हणजे ती वाढवली की बुरशी कमी होणार. मग मेसेजात काय चुकलं? शाळेतलं गणित आहे हे.

आणि 2021 चं म्युकर, ती काळी बुरशी, विसरला काय सगळे? कोविडनं अंग पोखरलं, म्हणून म्युकर झाला.

त्वचेची विद्यार्थिनी

गणित तिथंच फसतं. प्रतिकारशक्ती ही एकच वस्तू नाही की कमी-जास्त मोजता यावी. एचआयव्हीत टी पेशी घटल्या की तोंडात कँडिडा या बुरशीचा पांढरा थर येतो, पण तीच कँडिडा रक्तात सहसा उतरत नाही, कारण रक्ताची राखण मुख्यतः न्यूट्रोफिल करतात आणि ते शाबूत असतात. केमोथेरपीत न्यूट्रोफिल संपले की उलटं: कँडिडा रक्तात शिरते. बुरशी एकच, राखणदार जागेप्रमाणे वेगळा. सोरायसिस या त्वचारोगावर इंटरल्युकिन-17 अडवणारी इंजेक्शनं देतो, त्या रुग्णांत तोंडातली कँडिडा वाढलेली दिसते. आता तुमच्या गणितानं हेच इंटरल्युकिन-17 “वाढवलं” तर? त्याचा अतिरेक म्हणजेच बऱ्याच अंशी सोरायसिस.

म्युकरबद्दल: देशात 2021 च्या जूनअखेर 40 हजारांच्या वर रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या बहुतेकांत मधुमेह आणि स्टेरॉइड या दोन गोष्टी होत्या. साखर फार चढली की न्यूट्रोफिल मंदावतात. रक्तात आम्ल साठलं की ट्रान्सफेरिनची लोहावरची पकड सुटते आणि म्युकर लोहाचा भुकेला असतो. ऑक्सिजन उतरलेल्या कोविडच्या रुग्णांचे जीव स्टेरॉइडनं वाचले हेही तितकंच खरं. चुकलं ते गरज नसताना दिलं तिथं, डोस जास्त आणि साखर न तपासता दिलं तिथं. त्या काळात काढे तर घरोघरी उकळत होते.

उद्यमनगरकर

यात एक भर, कारण मला हा किस्सा फार आवडतो. शरीर जंतू कसे ओळखतं याचा मोठा धागा बुरशीमुळंच हाती लागला. फ्रान्समध्ये ब्रुनो लमेत्र आणि ज्यूल्स हॉफमान यांनी 1996 मध्ये टोल हे जनुक बिघडलेल्या फळमाश्यांना ॲस्परजिलस बुरशी लावली. माश्या मेल्या, अंगभर बुरशीचे तंतू उगवलेल्या. हॉफमान यांना 2011 चं नोबेल मिळालं त्यामागं हे काम आहे. माशीलासुद्धा बुरशीसाठी वेगळी वाट लागते, आणि आपण एका चमच्यात सगळं वाढवायला निघालोय.

आडवा प्रश्न

माशी मेली ते ठीक. माझ्या सासूबाईंना काढ्यानं बरं वाटतं, त्याचं काय?

उद्यमनगरकर

प्यावा की. गजकर्णाला बोलावू नका त्यात.

गोठा, करवीर

आमच्यात म्हशी हायत, दोन गाया. वासरांना पावसाळ्यात, थंडीत चट्टे पडतात. डोळ्याभवती, मानेवर, केस गेलेले, राखाडी खपली. आमी काय बी करत नाही. जरा ऊन दाखवायचं, गोठा कोरडा ठेवायचा. दोन-तीन महिन्यात आपलं आपण जातंय आणि त्या वासराला परत होत नाही. धार काढताना माझ्या मनगटाला लागलं तर लालभडक सुजलं, पाणी आलं, पण काही आठवड्यात तेबी गेलं.

तर डॉक्टरबाई, जनावराचं अंग बरं करू शकतंय, माझं मनगट बरं होतंय, मग माणसाची प्रतिकारशक्ती कुचकामी आहे असं का सांगालाय?

त्वचेची विद्यार्थिनी

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. कुचकामी मी म्हणत नाही.

तुमच्या वासरांची बुरशी बहुतेक ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम. ती गुरांवर मुरलेली, माणसाच्या अंगाला अनोळखी. म्हणून तुमचं मनगट एवढं खवळलं, आणि त्या खवळण्यानंच ती गेली. माणसांवर मुरलेल्या बुरशी, उदाहरणार्थ ट्रायकोफायटॉन रुब्रम, फार गलका होऊ देत नाहीत. रुब्रमच्या भिंतीतलं मॅनन हे द्रव्य तर आपल्या लसिकापेशींना दाबतं. त्यामुळं लाली बेताची, खाज चालू, आणि चट्टा वर्षानुवर्षं मुक्कामाला. शिवाय काही माणसांचं अंग मुळात चुकीच्या पद्धतीनं चिडतं: टी पेशींचा सावकाश पण जोरदार हल्ला व्हायला हवा, तिथं ॲलर्जीसारखी झटपट प्रतिक्रिया देतं. दमा, इसब असणाऱ्यांत हे जास्त.

आणि “परत होत नाही” हे तुमचं निरीक्षण पक्कं आहे. त्याच आधारावर सोव्हिएत रशियात गुरांसाठी जिवंत लस झाली. नॉर्वेनं ती पद्धतशीर टोचून गुरांचं गजकर्ण जवळजवळ संपवलं. माणसासाठी मात्र कुठल्याच बुरशीवर मान्यताप्राप्त लस अजून नाही.

गोठा, करवीर

म्हणजे गायीला लस हाय आणि माणसाला ट्यूब. बरं चाललंय.

शिरोळचा फड

गजकर्णावरच सगळे अडकलेत. आमच्याकडं बुरशीनं डोळे जातात. ऊसतोडणीत पाचट सपकन डोळ्यात लागतं, माणूस चोळतो, पाणी मारतो, दुसऱ्या दिवशी परत फडात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. मग कुणीतरी घरात पडलेले थेंब घालतं. पुढं फूल पडतं ते कायमचं. तोडणीचे गडी बीडकडून आलेले, टोळी सोडून दवाखान्यात जायचं तर खाडा. तिथं प्रतिकारशक्ती काय करते?

त्वचेची विद्यार्थिनी

डोळा माझा विषय नाही, पण एवढं सांगते. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून पांढऱ्या पेशी कडेनं, उशिरा पोचतात. पोचल्या की बुरशीबरोबर पडदाही विरघळवतात. फूल पडतं त्यात फ्युझेरियम, ॲस्परजिलस या बुरशींचा हात असतो तसा आपल्या पेशींचाही. आडवा प्रश्न यांनी हे वाचावं: इथं “जास्त” झालेली लढाईच नजर घेते. घरातल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशीला रान मोकळं. पाचट लागलं आणि दुसऱ्या दिवशीही डोळा लाल, दुखरा, तर नेत्रतज्ज्ञच. नॅटामायसिन या बुरशीच्या औषधाचे थेंब वेळेत सुरू झाले तर डोळा वाचू शकतो.

आडवा प्रश्न

वाचलं. तरी खुराक, झोप, साखर ताब्यात, याला तुम्ही काहीच किंमत देत नाही हे मला पटत नाही.

त्वचेची विद्यार्थिनी

साखर ताब्यात ठेवायला मी रोज ओपीडीत सांगते. डब्यातली पावडर घ्या असं सांगत नाही.

लाल माती

बाई, तालमीतल्या एका पोराची पेटी उघडली. ट्यूब सापडली. क्लोबेटासॉल लिहिलंय. रोज लावतोय म्हणे, दोन महिने झाले. काढून घेऊ काय? आणि मॅट कशानं पुसायची?

त्वचेची विद्यार्थिनी

काढून घ्या, पण त्याला आधी सांगा की बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळणार. घाबरून परत लावायची नाही. ट्यूब घेऊनच सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत पाठवा, घरात अजून कुणाला आहे तेही विचारा. चट्टा दिसेनासा झाला म्हणून गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. तोवर कुस्ती बंद, मेहनत चालेल. लंगोट-टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, धुऊन कडक उन्हात. मॅट सरावाआधी आणि नंतर ब्लीचच्या पातळ पाण्यानं पुसून पूर्ण सुकू द्या.

लाल माती

कुस्ती बंद म्हटल्यावर रडंल ते. सांगतो.

काउंटरमागचा

पाठवा. फक्त ट्यूब कुठल्या दुकानातनं घेतली ते विचारू नका.