‘टोकियो एका दिवसात केले’ म्हणजे नेमके काय केले?

ओसरीवरचा (धागाकर्ता)

परवा येथेच एका सदस्यांनी लिहिले की, सकाळी सात ते रात्री दहा या वेळात त्यांनी टोकियोतील अकरा ठिकाणे ‘केली’ आणि आता त्या शहरात पुन्हा जाण्यासारखे काही उरलेले नाही. मला राग आला तो या ‘केली’चा. आपण अष्टविनायक ‘करतो’, परंतु तेथे निदान एखादा नवस तरी फेडायचा असतो.

त्यांच्या वेळापत्रकात असाकुसाच्या सेन्सोजी मंदिराला पंचवीस मिनिटे आहेत. तेवढ्या वेळात नाकामिसे ही सुमारे अडीचशे मीटरची दुकानांची गल्लीसुद्धा धड ओलांडून होत नाही. इ.स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कन्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेची मूर्ती सापडली, अशी या देवस्थानाची कथा आहे. पण आज उभे असलेले मुख्य मंदिर १९५८ सालचे आणि काँक्रीटचे आहे, कारण आधीचे १० मार्च १९४५ च्या बॉम्बफेकीत जळून गेले. हे मनात न ठेवता तेथे काढलेले छायाचित्र आणि कॅलेंडरवरचे चित्र यांत मला तरी फरक दिसत नाही.

एकच दिवस हाती असेल, तर शहराची एकच बाजू धरावी. असाकुसाहून उएनोला गिन्झा लाइनने जावे. १९२७ मध्ये सुरू झालेला हा तुकडा आशियातील पहिला भुयारी रेल्वेमार्ग होय. तेथून पायी यानाकाला जावे, कारण १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची आग या दोहोंतून बरेचसे वाचलेले जुने टोकियो तेथे अजून सापडते. शहराच्या दुसऱ्या बाजूचे शिबुया राहिले तर राहू द्यावे.

धावता धोटा

ते सदस्य मीच, तेव्हा नाव न घेण्याचे सौजन्य आपण उगाच दाखवले. मी कामासाठी नागोयाला होतो, रजेचा एकच दिवस मिळाला होता आणि सोबत अडुसष्ट वर्षांची आई होती. या वयात आईला जपान पुन्हा घडेल, याची हमी आपण देणार आहात काय?

वाचन केवळ आपणच करता, असेही नाही. मेईजी जिंगूच्या सभोवतालचे सुमारे सत्तर हेक्टरांचे रान मुळात रानच नव्हते, १९२० साली स्थापन झालेल्या त्या देवस्थानासाठी देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडे तेथे लावली गेली, हे मी आईला चालता चालता सांगितले आणि ती त्या झाडांखाली पाऊण तास बसली. आपल्याच लाडक्या गिन्झा लाइनने आम्ही शिबुयाला गेलो, तेव्हा भुयारातली गाडी तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबल्याचे पाहून ती मनापासून हसली. शिबुया खोलगट भागात आहे, म्हणून असे होते. हे पाहणे नव्हे काय?

‘पुन्हा जाण्यासारखे काही नाही’ हे मात्र रागाच्या भरात लिहिले. आई शाकाहारी आहे. सोबा या शेवयांच्या वाडग्यात मासा असल्याचे दोन घास खाल्ल्यावर कळले आणि उरलेला दिवस तिने केळ्यांवर काढला.

निगुतीने

वाडग्यात मासा ‘असतो’ असे नाही, तर रस्साच माशाचा असतो. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून केलेल्या दाशी या मूळ रश्श्यावर टोकियोतील सोबाची सारी चव उभी आहे. हे निघण्यापूर्वी पाहायचे असते. तेथे गेल्यावर जपानवर रुसून उपयोग नाही. कोम्बू या समुद्री वनस्पतीची दाशीही असते आणि बौद्ध मठांतील शाकाहारी शोजिन र्‍योरी मुख्यतः तिच्यावर चालते. याच कोम्बूच्या रश्श्यातून रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये टोकियोतच चव आणणारे ग्लुटामेट वेगळे केले आणि पुढच्या वर्षी अजिनोमोटो बाजारात आले.

पाटावरची

रसायनशास्त्राचा तास आवडला, परंतु पोट त्याने भरत नाही. शोजिन र्‍योरीसाठी बहुधा आधी जागा राखून ठेवावी लागते आणि ती सावकाश जेवायची असते. एका दिवसाच्या प्रवाशाने ती कोणत्या वेळेत बसवावी?

आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. भारतीय जेवण साडेसहाला ठरलेले, म्हणून पाच वाजताच सर्वांना बसमध्ये कोंबले. शिंजुकूच्या महानगर सरकारच्या इमारतीत २०२ मीटर उंचीवर फुकट जाता येते आणि हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. ती संध्याकाळ आम्ही पनीरच्या पायी घालवली. दुसऱ्या वेळी मी मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी घेऊन गेले आणि शहर प्रथमच पाहिले. हसायचे असेल त्यांनी हसावे.

निगुतीने

आपण ठेपले न्या अथवा पिठलं-भाकरी. परंतु ज्या शहरात जातो तेथले काहीच तोंडात घालायचे नाही आणि तरीही ते ‘पाहिले’ म्हणायचे, यालाच धागाकर्ते ‘केले’ म्हणतात, असे मला वाटते.

पाटावरची

आपण मांसाहारी असल्यामुळे हा उपदेश आपल्याला स्वस्तात पडतो. माझ्या ताटाचा निवाडा कृपया करू नये.

कासाईकर

मी नऊ वर्षे टोकियोच्या निशी-कासाईत राहतो. येथे भारतीय इतके आहेत की, २०१९ मध्ये आमच्या एदोगावा प्रभागाच्या सभेत योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. हिंग, पोहे, डाळी सारे येथे मिळते, तेव्हा उपासमारीची चर्चा थोडी आवरावी.

दिवस जेवणात जात नाही, तो स्थानकांत जातो. शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक बाहेर पडण्याच्या वाटा आहेत. माझे पाहुणे पश्चिमेऐवजी पूर्वेला निघाले आणि त्यांना शोधण्यात माझी पन्नास मिनिटे गेली. यादीत ठिकाणे लिहितात, मधला जिना कोणी लिहीत नाही. या एका कारणासाठी धागाकर्त्यांचा ‘एक बाजू धरा’ हा मुद्दा मान्य करतो, त्यांचा सूर मात्र मान्य नाही. नऊ वर्षांत मी स्वतः स्कायट्री या उंच मनोऱ्यावर चढलेलो नाही; मग मी टोकियो किती ‘केले’, हे त्यांनीच सांगावे.

ओसरीवरचा

सुराबद्दल बोललात ते ठीक. मेईजी जिंगूतल्या पाऊण तासाविषयी मूळ लेखात एक ओळ असती, तर हा धागा मी काढला नसता. परंतु अकरा ठिकाणांचा हिशेब मला अजूनही जमत नाही.

धावता धोटा

जमणार नाही, कारण ती नऊच होती. ६३४ मीटरचा स्कायट्री आम्ही असाकुसातून नदीपलीकडे पाहिला आणि अकिहाबारा यामानोते लाइनच्या खिडकीतून. हे लेखात लिहायचे राहिले होते; आता लिहिले आहे, म्हणजे आपल्याला आणखी एक परिच्छेद लिहिता येईल.